वजन कमी करायचंय पण कॉफी सोडवत नाही? मग ती अशी प्या

दोन वर्षांपूर्वी मी वजन कमी करायला घेतलं तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी पहिलं काम दिलं ते असं की तीन दिवस तोंडात जे जाईल ते सगळं वहीत लिहून आणायचं. मी अगदी मन लावून लिहिलं, दोन पोळ्या, वाटीभर आमटी, संध्याकाळी येता-जाता खाल्लेले मूठभर शेंगदाणे सुद्धा. त्यांनी वही वाचली आणि विचारलं, "कॉफी नाही का घेत तुम्ही?" घेते की, दिवसाला तीन मग. पण ते लिहायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण आपल्याकडे चहा-कॉफीला कोणी खाण्यात धरतच नाही, "काही खाल्लं नाही गं सकाळपासून, नुसती कॉफी घेतलीये" असं आपण सर्रास म्हणतो. त्या तीन मगांचा हिशोब त्यांनी माझ्यासमोर मांडला तो जवळजवळ सहाशे कॅलरींचा निघाला, म्हणजे पोळी-भाजी-वरण-भाताचं एक पूर्ण जेवण मी रोज पीत होते.

तेव्हा ज्यांनी नुकतीच सुरुवात केलीये आणि ज्यांना कॉफी सोडायची नाहीये त्यांच्यासाठी हे सगळं लिहितेय. कॉफी सोडायची गरज नाही हे आधीच सांगते, मी सोडली नाही. फक्त कपात काय पडतं आणि तो कप किती वाजता हातात येतो या दोन गोष्टी बदलल्या.

आणि अजून एक, कॉफीने चरबी जळते हे ऐकून जर कोणी कॉफी सुरू करत असेल तर थांबा. नुसत्या काळ्या बिनसाखरेच्या कॉफीच्या कपात जेमतेम दोन ते पाच कॅलरी असतात, त्यामुळे ती वजन वाढवत नाही हे खरं. तिच्यातल्या कॅफीनमुळे शरीराचं कॅलरी वापरणं काही तासांपुरतं थोडं वाढतं हेही खरं, पण ते खरंच थोडं असतं आणि रोज पिणाऱ्याच्या शरीराला सवय झाली की अजून कमी होतं. एका ग्लुकोज बिस्किटात साधारण पंचवीस कॅलरी असतात, दोन बिस्किटं बुडवून खाल्ली की कॉफीने जे काही केलं असेल ते तिथेच फिटतं.

पायरी १: आपला कप मोजा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं पण हेच आहे, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

"एक कप कॉफी" असं सगळीकडे लिहिलेलं असतं तो कप साधारण १५० मिलीचा असतो. आपल्या घरात वाढदिवसाला मिळालेले जे मग असतात ते अडीचशे-तीनशे मिलीचे असतात. मोजायचं भांडं नसेल तर सोपी युक्ती, दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी रिकामी झाली की धुवून तिच्यात पाणी भरा आणि तुमच्या नेहमीच्या कपाने ते किती कप होतं ते बघा, दोनच कप झाले तर तुमचा कप अडीचशेचा.

मग दूध. तुम्ही कॉफी करता तेव्हा पातेल्यात दूध किती आणि पाणी किती हे एकदा मोजूनच टाका. माझ्या मगात १६० मिली दूध आणि उरलेलं पाणी होतं, दूध पिशवीतलं फुल क्रीम. पिशवीवर बारीक अक्षरात फॅट लिहिलेलं असतं ते वाचा. फुल क्रीम म्हणजे ६ टक्के, टोन्ड म्हणजे ३ टक्के, डबल टोन्ड दीड टक्का, आणि गाईचं दूध साडेतीन टक्क्यांच्या आसपास. कॅलरींमध्ये सांगायचं तर १०० मिली फुल क्रीममध्ये साधारण ८५ ते ९०, टोन्डमध्ये साठच्या आसपास, डबल टोन्डमध्ये पंचेचाळीस-पन्नास. तबेल्यातून म्हशीचं दूध येत असेल तर ते फुल क्रीमसारखंच किंवा त्याहून थोडं जास्त धरा.

आता साखर. एक ग्रॅम साखर म्हणजे ४ कॅलरी, एवढं पाठ करा बास. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात ४-५ ग्रॅम बसते, पण सपाट चमचा कोण घालतं, आपण डब्यात चमचा खुपसतो आणि शीग लावूनच बाहेर काढतो. माझ्याकडे केकसाठी घेतलेला छोटा वजनकाटा होता त्यावर मी माझा नेहमीचा चमचा ठेवला तर सात ग्रॅम आले. दोन चमचे म्हणजे चौदा ग्रॅम, छप्पन्न कॅलरी. तीन मगांचे बेचाळीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेत वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत ठेवा असं आहे, ते ५ टक्के म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम. म्हणजे जेवणातलं गोड, लोणचं, सॉस काहीच न धरता नुसत्या कॉफीत मी तो आकडा कधीच ओलांडला होता.

दूध १४०, साखर ५६, झाला दोनशेचा एक मग. तुमचा आकडा वेगळा येईल, कमी येईल किंवा जास्त येईल, पण तो तुमचा स्वतःचा असेल. तो कागदावर लिहून फ्रीजला लावून ठेवा.

पायरी २: दूध कमी करायच्या तीन वाटा

पहिली वाट, दूध तेच ठेवा पण कप लहान करा. खरं सांगायचं तर मला ही सगळ्यात आवडते कारण चव अजिबात बदलत नाही. माटुंग्याला फिल्टर कॉफी पितो तो स्टीलचा वाटी-पेला किती छोटा असतो बघा, तेवढ्यात मन भरतं ना. मी घरी तसाच पेला आणला, त्यात शंभर-एकशेवीस मिली बसते.

दुसरी वाट, दूध बदला. फुल क्रीमवरून थेट डबल टोन्डवर उडी मारू नका, कॉफी पाणचट लागते आणि चार दिवसांत माणूस मागे फिरतो. आधी दोन आठवडे टोन्ड, मग बघा. ज्यांच्या घरी म्हशीचं दूध येतं आणि तूप घरी कढवतात त्यांनी पिशवीचं दूध वेगळं आणायचीही गरज नाही, दूध तापवून गार झालं की रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी वरची जाड साय काढून विरजणाच्या भांड्यात घाला आणि खालचं दूध कॉफीला वापरा. किती टक्के फॅट गेलं ते घरी मोजता येत नाही पण बरंच जातं, आणि ती साय कढवून तूप होईल ते मोजून पोळीवर घ्या.

तिसरी वाट, पाण्याचं प्रमाण वाढवा आणि कॉफी पावडर पण थोडी वाढवा. नुसतं पाणी वाढवलं की बेचव होते. आधी निम्मं-निम्मं, मग एक भाग दूध दोन भाग पाणी. मी हळूहळू ५० मिली टोन्ड दुधावर आले, त्याच्या तीस कॅलरी.

एकदम काळी कॉफी प्यायला लागायचं असेल तर जरूर प्या, पण जबरदस्ती नको. नाक दाबून आठ दिवस काळी कॉफी पिऊन नवव्या दिवशी आईस्क्रीम घातलेली कोल्ड कॉफी पिण्यापेक्षा रोजची थोडं दूध घातलेली बरी. काळी करायचीच तर उकळतं पाणी थेट पावडरीवर ओतू नका, गॅस बंद करून मिनिटभर थांबा, मग १५० मिली पाण्याला एक सपाट चमचा इन्स्टंट. कडू वाटली तर मिठाचे दोन-चार कण टाकून बघा, कडूपणा कमी लागतो, नवल वाटेल पण खरंच.

पायरी ३: साखर, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी

एकदम बंद नाही करायची. दोन चमचे घेत असाल तर पहिल्या आठवड्यात दीड, पुढच्या आठवड्यात एक, मग अर्धा. जीभ नवीन चवीला सरावते पण तिला वेळ द्यावा लागतो, माझे पाच आठवडे गेले. मध्ये गणपती आले आणि आठवडाभर सगळं विस्कटलं तर पुन्हा एक चमच्यापासून धरलं, त्यात काही बिघडत नाही.

इथे मला आमच्या आजीच्या जायफळाने फार मदत केली. आपल्या मराठी घरांत पूर्वीपासून कॉफीत जायफळ घालतात, रात्रीच्या भजनानंतर किंवा पाहुणे आले की जी कॉफी व्हायची तिला तोच वास असायचा. जायफळ-वेलचीच्या वासाने कॉफी गोडसर वाटते, म्हणजे साखर कमी असूनही काहीतरी राहिलंय असं वाटत नाही. सहाणेवर एक-दोन वळसे किंवा किसणीवर चिमूटभर, याच्यावर नको, जायफळ जास्त झालं तर त्रास होतो. दालचिनीची चिमूट पण छान लागते.

गुळाबद्दल खूप जण विचारतात. गूळ घातला की चालतं ना? चवीला आवडत असेल तर घाला, पण वजनाच्या हिशोबात गूळ आणि साखर जवळजवळ सारखेच, ग्रॅमला चारच्या आसपास कॅलरी. मध थोडा कमी, ग्रॅमला तीन, पण तो चमच्यात जड बसतो त्यामुळे चमच्याचा हिशोब तिथल्या तिथेच. आणि शुगर-फ्री गोळ्या, त्यांच्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी म्हणून त्या वापरू नका. ज्यांना आधीपासून डायबेटिस आहे त्यांच्यासाठी ती सूचना नव्हती, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. माझं मत विचाराल तर गोळ्यांनी गोडाची सवय तशीच राहते, आणि आपल्याला तर ती सवयच कमी करायचीये.

पायरी ४: डब्यावर काय लिहिलंय ते वाचा

दुकानात कॉफी म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा चिकोरी असते. फिल्टर कॉफीची पावडर दळून देणारा दुकानदार विचारतोच चिकोरी किती टाकू, ऐंशी-वीस, सत्तर-तीस की साठ-चाळीस. इन्स्टंटमध्येही दोन्ही प्रकार येतात, काही शंभर टक्के कॉफी आणि काही सत्तर टक्के कॉफी तीस टक्के चिकोरी, डब्यावर तसं छापावंच लागतं. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ, तिच्यात कॅफीन नसतं, तिने कॉफीला दाट रंग आणि किंचित गोडसर कडू चव येते. वजनासाठी ती वाईट बिलकुल नाही. फक्त मैत्रीण म्हणते तिला दोन कपांनी झोप येत नाही आणि मला काहीच होत नाही, अशा वेळी दोघींचे डबे वेगळे असू शकतात एवढं लक्षात ठेवा.

ज्यापासून खरंच सावध राहायचं ते म्हणजे कॉफी, दूध पावडर आणि साखर आधीच एकत्र केलेली थ्री-इन-वन पाकिटं आणि ऑफिसच्या मशीनमधलं तसंच प्रीमिक्स. मागे घटकांची यादी असते ना, त्यात जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी लिहितात. बऱ्याच पाकिटांवर पहिला शब्द साखर किंवा दुधाची पावडर असतो आणि कॉफी बरीच खाली. तिथे अर्धा चमचा कमी करायची सोयच नाही, बटण दाबलं की जे येईल ते. मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये इन्स्टंटची छोटी बाटली ठेवते, मशीनमधून नुसतं गरम पाणी घेते आणि पँट्रीतल्या दुधाची थोडीशी धार.

पायरी ५: कॉफीसोबतचं खाणं

यावर जास्त बोलायचं नाही, सगळ्यांना कळतंच. खारी, टोस्ट, नानकटाई, बिस्किटं, फरसाण. कॉफी पिताना हात आपोआप डब्याकडे जातो, भूक असो-नसो. मी असं केलं की कॉफी उभ्याने, खिडकीत, टीव्हीसमोर नाहीच. खरी भूक असेल तर आधी मूठभर भाजलेले चणे किंवा एखादं फळ खा आणि मग कॉफी घ्या.

उपवासाच्या दिवशी मात्र लक्ष ठेवा. एकादशी-चतुर्थीला दर दोन तासांनी दूध-साखरेची कॉफी होते कारण "उपासाला चालते", आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी असतेच, त्यामुळे दिवस संपेपर्यंत रोजच्यापेक्षा जास्त पोटात जातं. तसंच दोन वेळाच जेवायचं असं डाएट करणारे किंवा सोळा तास उपाशी राहणारे विचारतात की मधे कॉफी चालेल का. काळी, बिनसाखरेची असेल तर तिच्यात मोजण्यासारखं काही नाही. दूध आणि साखर पडली की ते खाणंच झालं, मग भले ते कपात असो.

आणि नाश्त्याच्या जागी कॉफी, हे नका करू. माझ्या ओळखीत किती जणी हे करतात, सकाळी सातला कॉफी, ट्रेन, ऑफिस, अकराला परत कॉफी, भूक मरते आणि वाटतं वा जमलं. मग चार वाजता अशी भूक लागते की समोर वडापाव असो की समोसा, दोन कधी संपतात कळत नाही. कॉफीने भूक थोडा वेळ दबते, जात नाही. सकाळी अंडं, मुगाचं धिरडं, भाज्या घातलेले पोहे, दही, काहीतरी पोटात असू द्या.

पायरी ६: घड्याळ

साखर-दूध सगळे सांगतात, वेळेबद्दल फारसं कोणी बोलत नाही म्हणून कळकळीने सांगते.

दिवसभर जागं राहिलं की मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्याने आपल्याला झोप येते. कॅफीन त्याच्या जागी जाऊन बसतं, म्हणून तरतरी वाटते, पण थकवा कुठे गेलेला नसतो, तो फक्त जाणवत नाही. आणि हे कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, काहींना कमी, काहींना बरेच जास्त, गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना तर अजून जास्त. म्हणजे संध्याकाळी सहाला घरी आल्यावर घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफीन रात्री अकराला अंगात असू शकतं. २०१३ मधल्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं तर झोप एक तासाहून जास्त कमी झाली, आणि गंमत म्हणजे स्वतःला ते नीट जाणवतंच असं नाही, माणूस म्हणतो मला तर काही होत नाही, मी कॉफी पिऊन पण झोपतो.

याचा वजनाशी संबंध काय? झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि तीही गोड-तळलेल्याची. चालायला जायचा उत्साह नसतो. मग जाग येण्यासाठी अजून एक कॉफी, आणि रात्री परत तेच चक्र. माझं असंच चालू होतं, पहाटे पावणेपाचचा गजर, डबे, ५:४० ची गाडी, आणि संध्याकाळी साडेसहाचा मोठा मग, मला वाटायचं मी कामाने थकतेय. तो संध्याकाळचा मग बंद केल्यावर तीन आठवड्यांत जी झोप लागायला लागली ती मला साखर सोडल्याच्या फायद्यापेक्षा मोठी वाटते.

तर नियम एवढाच, झोपायच्या आधीचे आठ तास कॉफी नाही. दहाला झोपत असाल तर दुपारी दोन शेवटची. संध्याकाळी काहीतरी गरम हवंच असतं, तेव्हा गवती चहा-आल्याचं पाणी घ्या, धने-जिऱ्याचं घ्या, किंवा कॅफीन काढलेली डिकॅफ घ्या, तिच्यात अगदी थोडंच उरलेलं असतं.

दिवसाचं माप पण इथेच सांगते. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांमध्ये कॅफीन दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर नको असं आहे. १५० मिलीच्या कपात इन्स्टंटचं ५० ते ६५, उकळून-गाळून केलेल्या कॉफीचं ८० ते १२०, आणि चहाचं ३० ते ६५ मिलिग्रॅम असं त्यातच दिलंय. चहा पण धरायचा बरं का, सकाळी दोन चहा आणि वर तीन कॉफी असं असेल तर बेरीज करा. याच सूचनांमध्ये जेवणाच्या एक तास आधी आणि एक तास नंतर चहा-कॉफी नको असंही आहे, कारण त्यातली टॅनिन्स जेवणातलं लोह अंगी लागू देत नाहीत. आपल्या देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत आलंय, म्हणून जेवण झालं की लगेच कॉफी ही सवय बायकांनी तरी नक्की सोडा.

कमी करायची तर हळूहळू करा, रोज चार कप पिणाऱ्याने एका दिवसात बंद केली तर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, चिडचिड होते, ते आठवडाभर पण चालू शकतं. दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी केला तर काही होत नाही.

पायरी ७: चालायच्या आधीचा कप

दिवसातली एक कॉफी व्यायामाच्या पाऊण-एक तास आधी घ्या. कॅफीनने दम टिकतो, तेवढंच चालणं जरा हलकं वाटतं, हे खेळाडूंवरच्या अभ्यासात वर्षानुवर्षं दिसलंय. वजनासाठी कॉफीचा मला जर कुठे खरा उपयोग झाला असेल तर तो इथे, रविवारी सकाळी टेकडीवर जाताना तीस मिनिटांच्या जागी पन्नास मिनिटं चालणं व्हायला लागलं. पण संध्याकाळी जिमला जाणाऱ्यांनी हे करू नका, वरचा झोपेचा नियम आधी.

सोशल मीडियावरचे प्रकार

कॉफीत लिंबू पिळून पोटावरची चरबी वितळते असे व्हिडिओ फिरतात. काही वितळत नाही, लिंबाने चरबीवर काही होत नाही, ज्यांना पित्त होतं त्यांची छाती मात्र जळते. कॉफीत लोणी, तूप किंवा खोबरेल तेल घालायचं जे चाललंय त्यात एका मोठ्या चमच्याला शंभर-सव्वाशे कॅलरी आहेत, नाश्ता सोडून ते प्यायलं तर गोष्ट वेगळी पण आपल्याकडे लोक ते पितात आणि वर पोहे पण खातात.

ग्रीन कॉफीबद्दल जरा सविस्तर सांगते कारण तिच्यावर लोक खूप पैसे घालवतात. ग्रीन कॉफी म्हणजे न भाजलेली कॉफी बी. २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, प्रयोग आपल्या बंगळुरूत झाला होता, माणसं फक्त सोळा, आणि आकडे एवढे भारी की अमेरिकेत टीव्हीवर तिचा गाजावाजा झाला आणि कॅप्सूल धडाधड खपल्या. नंतर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली तर लोकांची वजनं नोंदीत बदललेली निघाली, २०१४ मध्ये त्या अभ्यासामागच्या कंपनीने ३५ लाख डॉलर भरायचं मान्य केलं आणि तो अभ्यास मागे घेतला गेला. आपल्याकडच्या दुकानांत ती पाकिटं आजही "फॅट बर्नर" म्हणून मांडलेली दिसतात. चव आवडत असेल तर प्या, पण त्या पैशात महिन्याची भाजी-फळं येतात.

बाहेर गेल्यावर

कॅफेत सगळ्यात लहान आकार मागा, साखर वेगळी द्या म्हणा, आणि फ्लेवरचं सिरप नको. अमेरिकानो म्हणजे एस्प्रेसोत (छोट्या कपातली कडक काळी कॉफी) पाणी, त्यात थोडं दूध वेगळं मागता येतं. कॅपुचिनो लहान कपात घेतली तर हरकत नाही. आईस्क्रीम आणि क्रीमवाली कोल्ड कॉफी मात्र तीनशे-चारशे कॅलरींवर सहज जाते, ती कॉफी म्हणून पिऊ नका, वाढदिवसाचं गोड म्हणून कधीतरी घ्या आणि मजेत घ्या.

कोणाकडे गेलो की अवघड असतं, मावशी विचारते आणि तोवर पातेलं चढलेलं असतं. मी आता दारातच सांगते, "मावशी, मला अर्धा कप आणि साखर नको हं, डॉक्टरांनी सांगितलंय." डॉक्टरांचं नाव घेतलं की आग्रह होत नाही, आणि अर्धा कप घेतला की मावशीला वाईट पण वाटत नाही.

यांनी आधी डॉक्टरांना विचारा

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेणाऱ्यांनी तिच्यासोबत किंवा तिच्या पाठोपाठ कॉफी घेऊ नका, गोळी नीट शोषली जात नाही, निदान तासभर जाऊ द्या. वजन वाढतंय म्हणून थायरॉइड तपासून गोळी सुरू झालेल्या कितीतरी बायका सकाळी गोळी आणि कॉफी एकदमच घेतात आणि मग रिपोर्ट का सुधारत नाही म्हणून काळजी करतात. लोहाच्या गोळीचंही तसंच. गरोदर असाल तर २०० मिलिग्रॅमच्या आत कॅफीन, आणि तो काळ वजन कमी करायचा नाहीच. बीपी, छातीत धडधड, रात्रीची घबराट किंवा जुनं पित्त असेल तर दोन आठवडे कॉफी अर्धी करून बघा काय फरक पडतो. फ्रेंच प्रेसची (दांड्याने जाळी दाबून करतात ती) किंवा पातेल्यात उकळलेली न गाळलेली कॉफी रोज पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर कागदी फिल्टर वापरा, कोलेस्टेरॉल वाढवणारे तेलकट घटक त्या कागदात अडकतात.

माझा आजचा हिशोब सांगते. सकाळी निघायच्या आधी स्टीलच्या पेल्यात एक, ५० मिली टोन्ड दूध, अर्धा चमचा साखर, जायफळ, साधारण चाळीस कॅलरी. अकराला ऑफिसात दुसरी, तशीच. सहाशेवरून ऐंशी. कागदावर बघितलं तर रोज पाचशे कॅलरी कमी म्हणजे महिन्याला दोन किलो उतरायला हवेत, प्रत्यक्षात तसं होत नाही कारण शरीर पण हिशोब जुळवत राहतं आणि आपणही कुठेतरी जास्त खातो. माझे अकरा महिन्यांत नऊ किलो गेले, त्यात चालणं होतं, भात अर्धा झाला होता, झोप सुधारली होती, कॉफीचा वाटा त्यात नेमका किती ते वेगळं काढता येणार नाही. तुम्ही उद्या सकाळी फक्त पहिली पायरी करा, कप मोजा आणि आकडा लिहा, दुसरी पायरी पुढच्या सोमवारी.